काचपेटींत सरकारांचें नांव घालण्याच्या मसलतीची हकीकत

श्री. जो अग्निरूपें चुलींत आणि वीजरूपें तारेंत वसतो, आणि राजा-रंक न पाहतां जो हात लावील त्याचा हात भाजितो, त्या निःपक्षपाती देवास प्रथम नमस्कार. शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासीं एका राज्यीं जें वर्तमान घडलें तें लिहितों. राज्याचें नांव पुसों नये. नांवाच्या सोसापायींच पुढील सर्व अनर्थ ओढवला, सबब या लेखांत नांवांचा खर्च बेतानें केला आहे.

त्या राज्यीं जी सरकारस्वारी गादीवर होती, तिला स्वतःचें नांव पाहण्याची बहुत आवड. नांव पुलांवर होतें, दिव्याच्या खांबांवर होतें, दुधाच्या पिशव्यांवर आणि शाळेच्या दप्तरांवर होतें. रस्त्यांतला खड्डा बुजविला म्हणजे वरतीं डांबरांत नांवाचा ठसा उठवीत, मग खड्डा पुन्हा पडे आणि नांव आधीं उखडे, याचें सरकारांस मोठें दुःख होई. खड्ड्याचें होत नसे. ऐसें असतां स्वारी शेजारच्या राज्यीं पाहुणचारास गेली, आणि तेथें कॉफीचें यंत्र सुरू करतांच त्याच्या इवल्याशा पडद्यावर प्रथम तेथील राजाचें नांव झळकलें आणि मग कॉफी आली. सरकारांनीं ती कॉफी घेतली नाहीं. परत येतांच दिवाण गोंदाजीराव यांस बोलावून फर्माविलें कीं, आमच्या राज्यांत ज्या ज्या यंत्रास पडदा आहे, त्यानें सुरू होतांच आधीं आमचें नांव दाखवावें, मग आपलें काम करावें. गोंदाजीराव यांचा सारा कर्तबगारीचा भाग हा कीं, हुकूम कानीं पडला म्हणजे ते तो हुकुमाहून मोठा करून परत हुजूर पेश करीत. ते बोलिले कीं, आरंभ सूतिकागृहापासून करावा. तेथें काचपेट्या आहेत, त्यांवर पडदे आहेत, म्हणजे प्रजा जन्मास येऊन डोळे उघडील तों समोर सरकारांचें नांव. सरकार प्रसन्न जाहले. अर्भकांस अक्षरओळख नसते, हें दरबारीं कोणाचे ध्यानीं आलें नाहीं. आलें असल्यास कोणी बोलिला नाहीं. आणि त्या दरबारीं न बोलण्यासच शहाणपण म्हणत.

आतां काचपेटी म्हणजे काय, तें सांगणें प्राप्त आहे. दिवस पुरे भरण्याआधीं जीं मुलें जन्मतात त्यांस अंगची ऊब धरवत नाहीं, त्यांस त्या पेटींत निजवितात, आणि आंतील ऊब कमी-जास्त होऊं न देण्याचें काम नखाएवढी एक चिप करिते, तीस मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तिच्या पोटांत जो प्रोग्राम लिहिला असेल तैसी ती वागते. तो बदलणें जाहलें तर संगणक आणि चिप यांच्या मध्यें एक यंत्र जोडावें लागतें, प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाप्रमाणें त्या यंत्रासहि प्रोग्रामर म्हणतात, आणि त्या प्रोग्रामराशीं बोलणारें सॉफ्टवेअर संगणकांत असावें लागतें. चिपांचीं कुळें निराळीं, त्यांस लागणारा विजेचा दाब निराळा. म्हणोन आधीं चिप पाहावी, मग तिचें कूळ ओळखणारा प्रोग्रामर घ्यावा, मग दोघांसहि जाणणारें आणि आपल्या संगणकावर चालणारें सॉफ्टवेअर घ्यावें. इतकी साधी गोष्ट. परंतु ज्या गोष्टीस मिरवणूक काढितां येत नाहीं, ती त्या दरबारास साधी न वाटतां क्षुद्र वाटे.

राज्याच्या यंत्रखात्याचे सचिव विसाजीपंत खळतकर म्हणून होते. थोर विद्या केलेले, परदेशीं शिकलेले, आणि तरुणपणीं काचपेट्यांचा प्रोग्राम त्यांनीं स्वहस्तें लिहिलेला. तो लिहीत असतां त्यांस जेवणाची शुद्ध राहत नसे, ऐसें त्यांचे घरीं सांगत. पुढें बढती होऊन बंगला मिळाला, दारीं मोटार आली, दरबारीं पुढल्या रांगेंत खुर्ची आली, आणि मग त्या खुर्चीची काळजी पंतांस जडली. दुसऱ्या रांगेंत बसणें म्हणजे जणूं लोकांदेखत अंगरखा उतरणें, ऐसें त्यांस वाटूं लागलें. हातीं सोल्डरिंगची कांब धरून त्यांस वर्षें लोटलीं होतीं. त्यांस दिवाणांनीं बोलावून सर्व मसलत सांगितली, तेव्हां पंतांनीं अदबीनें अर्ज केला कीं, नव्यानें कांहीं निवडावयाचें कारण नाहीं, आपल्या खात्यांत जुना प्रोग्रामर आहे, तो याच चिपांसाठीं घेतलेला आहे, त्याचें सॉफ्टवेअर जुन्या संगणकावर नीट चालतें. दिवाणांनीं तो प्रोग्रामर पाहण्यास मागविला. काड्यापेटीहून थोडा मोठा, काळा, एके ठिकाणीं चिकटपट्टी लाविलेला. दिवाणांनीं तो रुमालानें धरून पाहिला आणि विचारिलें कीं, सरकारांचें नांव यांतून जाणार काय? पंत म्हणाले, जाईल. दिवाण म्हणाले, जाईल हो, पण शोभेल काय? शोभेविषयीं पंतांच्या विद्येंत कांहीं सांगितलें नव्हतें.

मग दरबार भरविण्याचें ठरलें, आणि सौदागरांस निमंत्रणें गेलीं, आणि नेमल्या दिवशीं नाना प्रकारचे प्रोग्रामर मखमलीवर मांडिले गेले. कोणाचा चांदीचा मुलामा दिलेला, कोणाचा पाकळ्यांसारखा उघडणारा. एका भल्या सौदागरानें साधा, योग्य कुळाचा, योग्य दाबाचा प्रोग्रामर आणिला होता, परंतु त्यास दिवा एकच आणि तोहि बारीक, सबब तो दारावरूनच परत लाविला. शेवटीं नीळकंठ दिघे नामें सौदागर आला. त्याच्या मागें दोघे जण एक सागवानी पेटी उचलून घेऊन आले. तिचें झांकण काचेचें, आंत चिपा बसविण्याच्या बसकणीच बसकणी, प्रत्येकीस निरनिराळ्या रंगाचा दिवा. दिघ्यानें निवेदन केलें कीं, हा सर्वकुळी प्रोग्रामर, पृथ्वीवर जितक्या चिपा आहेत तितक्यांस हा ओळखतो. मग त्यानें सॉफ्टवेअर दाखविलें, तों पडद्यावर एक मोर आला आणि पिसारा फुलवून नाचूं लागला. काम चालू असतां मोर नाचतो, काम संपलें म्हणजे मान लववितो, ऐसें दिघ्यानें सांगितलें. सरकारांनीं मोर तीन वेळां नाचविला. सरदार, मानकरी, खुद्द राजवैद्य, सर्वांनीं माना डोलाविल्या, आणि ज्यांस चिप म्हणजे खाण्याचा जिन्नस एवढेंच ठाऊक होतें त्यांनीं सर्वांत अधिक डोलाविल्या.

पंत पुढल्या रांगेंत बसून पाहत होते. पेटींत काचपेटीच्या चिपेचें कूळच नाहीं, हें त्यांस पाहतांक्षणीं उमगलें. तरी त्यांनीं एवढें धैर्य केलें कीं, उठून दिघ्यास विचारिलें, सूतिकागृहाच्या चिपांचें कूळ यांत येतें काय? दिघे हंसून म्हणाला कीं, तें सॉफ्टवेअरच्या पुढल्या आवृत्तींत येईल, तूर्त जवळच्या कुळावर भागतें. पंतांचे ओठांवर शब्द आला कीं जवळच्या कुळावर भागत नसतें. इतक्यांत सरकारांनीं मोरावरची नजर काढून पंतांवर ठेविली आणि पुसिलें, "विसाजीपंत, तुमचें मत काय?" आणि सारा दरबार वळून पाहूं लागला, आणि दिवाणांनीं भुंवई किंचित् वर केली. पंतांस त्या क्षणीं खुर्चीचा हात आपल्या पंजाखालीं गार लागला. ते म्हणाले, "उत्तम आहे, सरकार." आणि खालीं बसले. शाल दिघ्यास मिळाली. पंतांच्या गळ्यांतहि एक हार पडला, तो त्यांनीं घरीं जाऊन कोणास न दाखवितां खुंटीवर टाकिला.

पुढें जें जाहलें तें ऐकतां हंसूं यावें, परंतु त्याचा शेवट हंसण्याचा नव्हे. सॉफ्टवेअर राज्याच्या संगणकांवर चढेना, म्हणोन संगणक नवे घेतले. नवे घेतले तों छापण्याचीं यंत्रें त्यांस जुळेनात, म्हणोन तींहि बदलिलीं. मग संगणकास प्रोग्रामर दिसेना, कारण ड्रायव्हर म्हणून जो दुभाषी दोघांमध्यें लागतो तो दिघ्यानें दिलाच नव्हता. तो आला तों संगणकास प्रोग्रामर दिसला, परंतु प्रोग्रामरास चिप दिसेना. इतकें सर्व होईतों यंत्रखात्यांत दररोज मसलती चालत, चहा होई, आणि प्रत्येक मसलतींत ठरे कीं निवड अत्युत्तम जाहली आहे. आणि कोणी जुन्या सामानाकडे वळूं नये म्हणोन दिवाणांनीं जुना प्रोग्रामर आणि त्याचा संगणक कोठींत घालून दारावर लाखेची मोहोर केली. पंतांनीं अर्ज केला कीं, निदान एका सुट्या चिपेवर आधीं करून पाहावें. दिवाण म्हणाले कीं, सरकारांचा वाढदिवस आला आहे, मुहूर्त सर्व पेट्यांस एकच, आणि सरकारांचें नांव आधीं सुट्या चिपेवर आजमावणें म्हणजे नांवाविषयीं शंका घेणें होय. पंतांनीं मान खालीं घातली. मान खालीं घालण्याची त्यांस आतां इतकी संवय जाहली होती कीं, त्यांस जमिनीचीच ओळख माणसांहून अधिक.

वाढदिवसाच्या सकाळीं सूतिकागृहास तोरणें लाविलीं. तेथील मुख्य डॉक्टर सगुणाबाई दाभोळे, वयानें प्रौढ, बोलणें थोडकें. त्यांनीं दिवाणांस साफ सांगितलें होतें कीं, थंडीचे दिवस, मुलें पेटीबाहेर काढूं नयेत. त्यांस उत्तर मिळालें कीं घटकाभराचें काम आहे. मग मुलें गरम दुलयांत गुंडाळून बाजूच्या खोलींत नेलीं, आणि पेट्यांतील चिपा काढून दिघ्याच्या सागवानी पेटींत बसविल्या, आणि वाजंत्री लागली. दिघ्याच्या माणसानें चिपांच्या यादींतून त्यांतल्या त्यांत जवळचें नांव निवडलें. एका अक्षराचाच फरक होता. सॉफ्टवेअरनें विचारिलें कीं, चिपेची ओळख पटत नाहीं, तरी पुढें जावें काय? तें वाक्य पंतांनीं त्याच्या खांद्यावरून वाचलें. त्या माणसानें दिघ्याकडे पाहिलें, दिघ्यानें दिवाणांकडे पाहिलें, दिवाणांनीं घड्याळाकडे पाहिलें, आणि त्या माणसानें 'होय' दाबलें. मोर नाचला. आधीं जुनें पुसणें असतें, तें यथासांग जाहलें. मग नवें लिहिणें असतें, तें चुकीच्या कुळामुळें चिपेंत उतरलेंच नाहीं. मग लिहिलें तें नीट उतरलें कीं नाहीं हें पडताळणें असतें, तें मोराचा नाच लवकर संपावा म्हणोन दिघ्यानें बंद ठेविलें होतें. मोरानें मान लवविली. टाळ्या जाहल्या. सर्व चिपा एकीमागून एक ऐशाच कोऱ्या करून पेट्यांत परत बसविल्या आणि कळ दाबिली. पडदे काळेच राहिले. सरकारांचें नांव आलें नाहीं, आणि ऊबहि आली नाहीं. दिवाण म्हणाले कीं, यंत्रांस नांव पचावयास वेळ लागत असेल. आणि सर्व मंडळी वाढदिवसाच्या पंगतीस निघून गेली.

पंत पंगतीस गेले नाहींत. बाजूच्या खोलींत पाहतात तों, सगुणाबाईंनीं खिडक्यांस घोंगड्या लाविल्या आहेत, शेगड्या आंत आणूं दिल्या नाहींत कारण धुरानें मुलें गुदमरतील, आणि मुलांच्या आया ओळीनें बसून आहेत, प्रत्येकीनें आपलें मूल उघड्या छातीशीं लावून वरून लुगड्यानें बांधून घेतलें आहे. जी आई तापानें फणफणत होती तिचें मूल दुसरीनें घेतलें आहे, आणि एकीजवळ दोन आहेत. त्यांत रंगारी आळींतली चंपाबाई म्हणून एक होती, तिची मुलगी सातव्याच महिन्यांत जन्मलेली, सर्वांत लहान. ती बाई भिंतीस टेकून बसली होती आणि श्वासहि जपून घेत होती, जणूं मोठ्यानें घेतला तर मूल हादरेल. सगुणाबाईंनीं पंतांस पाहिलें. त्यांस जवळ नेलें आणि चंपाबाईच्या परवानगीनें लुगड्याची कड उचलून म्हणाल्या, "पंत, हा पाय धरा." पंतांनीं धरिला. त्यांच्या अंगठ्याएवढाच तो पाय, आणि गार. त्यांस दरबारांतला खुर्चीचा हात आठवला. ते हळूच म्हणाले, "बाई, मला दरबारांतच ठाऊक होतें." सगुणाबाई रागावल्या नाहींत, तेंच पंतांस अधिक लागलें. त्या म्हणाल्या, "ठाऊक होतें तें राहूं द्या. आतां हातानें काय करतां येईल तें सांगा." चंपाबाईनें वर पाहिलें आणि विचारिलें, "साहेब, पेटी कधीं लागंल?" पंतांनीं आजवर शंभर मसलतींत शंभर उत्तरें दिलीं होतीं, त्यांतलें एकहि येथें चालण्याजोगें नव्हतें. ते म्हणाले, "आणतों," आणि निघाले.

मग पंत पायींच यंत्रखात्यांत गेले, कारण मोटारीचा हांक्या पंगतींत बसला होता. आणि भर दुपारीं, पहारेकरी पाहत असतां, कोठीच्या दारावरची दिवाणांची मोहोर त्यांनीं खिळ्यानें फोडिली. पहारेकरी म्हणाला कीं, साहेब, हुकूम आहे का? पंत म्हणाले कीं, नाहीं, आणि तूं मला अडविलेंस पण मी ऐकलें नाहीं ऐसें सांग. तो जुना प्रोग्रामर खिशांत घालून, जुना संगणक हातगाडीवर लोटीत ते बाजारपेठेंतून चालिले, तेव्हां लोक म्हणाले कीं सचिवांस वेड लागलें, आणि एकानें करावयाचा नमस्कार राखून ठेविला. सूतिकागृहीं येऊन त्यांनीं टेबल मागितलें आणि कामास बसले. आरंभीं तारेचें एक टोक उलटें जोडिलें, तें पंतांनीं स्वतःच पाहून काढिलें आणि स्वतःशींच चार शब्द बोलिले, ते येथें लिहिण्याजोगे नाहींत. चिपेच्या पाठीवरचीं अक्षरें भिंगांतून वाचिलीं, कूळ ताडिलें, विजेचा दाब मोजिला, संगणकांत आपला जुना प्रोग्राम शोधून काढिला. त्यांत विशींतल्या विसाजीपंतांनीं जागजागीं लिहून ठेविलेल्या टिपा होत्या, 'येथें घाई करूं नये, मूल आंत आहे' ऐशा. त्या पंतांनीं पुन्हा एकदां वाचिल्या. मग एका सुट्या चिपेवर आधीं लिहिलें, पडताळिलें, रिकाम्या पेटींत बसविलें, आंत तापमापक ठेविला आणि पाहत राहिले. तेथें मोर नव्हता. एक बारीक दिवा लुकलुकत होता. पारा चढला आणि जेथें थांबावा तेथें थांबला. सगुणाबाईंनीं हात आंत घालून पाहिला, मग चंपाबाईकडे वळून म्हणाल्या, "तुमची आधीं आणा." मुलगी पेटींत निजविली, आणि पंत पुढल्या चिपेस लागले, आणि दिवस मावळण्याआधीं सर्व पेट्या ऊब देऊं लागल्या.

पंगत आटोपून दिवाण आले. पेट्यांचे पडदे उजळलेले पाहून त्यांस वाटलें कीं दिघ्याच्या प्रोग्रामराचें यश उशिरां प्रकटलें, आणि ते दिघ्यास शाबासकी देणार तों टेबलावरचें काळें यंत्र त्यांनीं पाहिलें. त्यांनीं मुलांविषयीं विचारिलें नाहीं. त्यांनीं पुसिलें, "सरकारांचें नांव घातलें ना?" पंत म्हणाले, नाहीं. दिवाण म्हणाले कीं, मोहोर फोडिल्याचें मागाहून पाहूं, उद्यां सरकार पाहण्यास येणार, तेव्हां सकाळपर्यंत चिपा पुन्हा काढून नांव घालावें. ऐसें सांगून ते गेले.  नांव घालणें कठीण नव्हतें, चार ओळींचें काम. परंतु आज नांव, उद्यां नांवाखालीं चित्र, परवां वाढदिवसाचें गाणें, आणि प्रत्येक वेळीं मुलें बाहेर, हें पंतांस स्पष्ट दिसलें. त्या कुळाच्या चिपांस एक कुलूप असतें. तें लाविलें म्हणजे आंतील प्रोग्राम चालतो, पण पुन्हा कोणास तो बदलतां येत नाहीं, लिहिणाऱ्यासहि नाहीं. आतां पंतांच्या प्रोग्रामांत धोक्याच्या घंटेचा सूर बहुत कर्कश होता, आया दचकत, तो मऊ करावा ऐसें त्यांचे मनांत अनेक वर्षें होतें; कुलूप लाविलें कीं तेंहि राहिलें. सगुणाबाईंस त्यांनीं सर्व सांगितलें. त्या म्हणाल्या, "घंटा कर्कश असली तर बरी, परिचारिका जाग्या राहतील." मग एकेक मूल आईच्या छातीशीं, क्षणभरच, आणि एकेक पेटी, ऐसें करीत पंतांनीं सर्व चिपांस कुलूप घातलें.

दुसरे दिवशीं सकाळीं सरकारस्वारी आली, मागें दिवाण, दिघे, आणि छायाचित्रें काढणारे. सरकारांनीं फर्माविलें कीं, पेटी बंद करून सुरू करावी, आम्हांस नांव पाहावयाचें आहे. सगुणाबाई म्हणाल्या कीं, जींत मूल आहे ती पेटी बंद होणार नाहीं. एवढें सरळ वाक्य सरकारांनीं बहुत दिवसांत ऐकलें नव्हतें, सबब त्यांस तें नीट कळलें नाहीं, आणि त्यांनीं रिकामी पेटी चालविली. पडद्यावर ऊब किती तो आंकडा आला, आणखी कांहीं नाहीं. सरकार म्हणाले, "आमचें नांव कोठें?"

दिवाण पंतांकडे पाहूं लागले. पंत पुढें जाहले. ते म्हणाले, "घातलें नाहीं, सरकार."

"मग घाला."

"आतां त्यांत कोणाचेंहि नांव जाणार नाहीं. मी कुलूप लाविलें आहे."

सरकारांनीं हात पुढें केला. "किल्ली आणा."

"या कुलुपास किल्ली नसते, सरकार," पंत म्हणाले, आणि या वेळीं मान वर होती.

दिवाण तत्काळ म्हणाले कीं, चिंता नाहीं, नव्या चिपा आणवूं, या काढून फेकूं. तों चंपाबाई आपल्या पेटीसमोर येऊन उभी राहिली.  मग दुसरी आली, मग तापांतून उठलेली ती तिसरी आली, आणि सर्व आया आपापल्या पेटीसमोर उभ्या राहिल्या, आणि कोणी ओरडली नाहीं, कोणी रडली नाहीं. छायाचित्रें काढणाऱ्यांनीं यंत्रें खालीं केलीं, कारण हें चित्र काढावें कीं न काढावें याचा हुकूम नव्हता. सरकारांनीं थोडा वेळ पाहिलें, आणि मग त्यांस कंटाळा आला. सरकारांचा कंटाळा हेंच त्या राज्यांत प्रजेचें मोठें संरक्षण होतें. त्यांनीं दिवाणांस पुसिलें कीं, कॉफीचें यंत्र आलें काय? आलें होतें. स्वारी तें पाहण्यास गेली.

पुढें चौकशी बसली. तिनें निर्णय दिला कीं, मुलें गारठलीं तीं हवामानामुळें. दिघ्याचा प्रोग्रामर निर्दोष, चिपाच दरबारास न शोभणाऱ्या कुळाच्या. आणि खरा गुन्हा मोहोर फोडण्याचा. दिघ्यास 'यंत्रभूषण' किताब मिळाला. सागवानी पेटी दरबारांत चौरंगावर ठेविली, पाहुणे आले कीं मोर नाचवून दाखवीत. गोंदाजीराव यांस बढती जाहली. ती कशाबद्दल, हें त्यांसहि सांगतां आलें नसतें. विसाजीपंतांची सचिवी गेली, बंगला गेला, मोटार गेली. त्यांनीं बाजारपेठेंत दुरुस्तीचें लहानसें दुकान थाटलें. पहिले कांहीं महिने त्यांस खुर्चीची आठवण येई, हें लपविण्याचें कारण नाहीं. कधीं कधीं दरबाराच्या दिवशीं ते नवा अंगरखा घालीत आणि मग आपणच काढून ठेवीत. पुढें यंत्रखात्याचे लोक मागल्या गल्लीनें येऊन त्यांस विचारूं लागले कीं अमका प्रोग्रामर घ्यावा कीं तमका. पंत हातांतलें काम न थांबवितां म्हणत, "आधीं चिप आणून दाखवा." तितकें ऐकून पुष्कळ जण निघून जात, कारण चिप त्यांनीं पाहिलीच नसे.

येणेंप्रमाणें घडलें. एक प्रोग्रामर निवडण्यासाठीं एका राज्यानें वाजंत्री, मखमल, मोर आणि आपली होती नव्हती ती अक्कल खर्चिली, आणि जें निवडलें त्यानें फक्त पुसून दाखविलें. चंपाबाईची मुलगी वांचली. इतर मुलेंहि वांचलीं. राज्यांतील पुलांवर, खांबांवर, दप्तरांवर आणि कॉफीवर सरकारांचें नांव आहे. काचपेट्यांवर तें नाहीं, आणि ज्यानें कुलूप घातलें त्याचेंहि नाहीं. ऊब किती तो आंकडा तेवढा दिसतो. लिहिणें इतकेंच.